नत्थाचे पैसे

२०१० च्या ऑगस्टात ‘पीपली लाइव्ह’ लागला. कपाशीला डवरा देऊन झाला होता, पावसानं उघाड दिली होती, म्हणून पुतण्याला घेऊन यवतमाळला गेलो. तेव्हा आमच्या भागात या सिनेमावरून गलबला होता. शेतकऱ्याची टिंगल केली, तो पैशासाठी मरतो असं दाखवलं, म्हणून बंदी घाला, अशी विदर्भ जनआंदोलन समितीची मागणी होती. तिकडं पेपरवाले सिनेमा डोक्यावर घेऊन नाचत होते. पुढं भारताकडून ऑस्करलाही तोच गेला.

मला दोन्हीही पुरतं पटलं नाही.

कर्जापायी नत्थाची जमीन चालली. तो जीव देणार, घरच्यांना एक लाख भेटणार, ही बातमी फुटते आणि नेमकी तिथंच पोटनिवडणूक लागलेली. मग कोणाला नत्था जिता पायजे, कोणाला मेलेला. एक पुढारी टीव्ही आणून देतो. सरकारी साहेब हातपंप टाकून जातो, पण बसवायचे पैसे योजनेत नाहीत. इथं अख्खी टॉकीज हसली. मीही हसलो. आमच्या गावात प्रचाराच्या दिवसांत रस्त्यासाठी मुरूम येऊन पडतो. मतदान झालं की ढीग तिथंच. पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात. यात शेतकऱ्याची टिंगल कुठून आली?

खोट दुसरीकडं आहे. दिग्दर्शिका अनुषा रिझवी टीव्हीच्या बातम्यांतून आलेली. कॅमेरेवाल्यांचा धुमाकूळ तिनं बारकाईनं दाखवला, पण नत्था जवळजवळ मुकाच राहिला. त्याच्या मनात काय चाललं, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याहून होरी महतो खरा. नाव प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधलं. तो माती खणून विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्याकडं कोणाचा कॅमेरा वळत नाही. त्या वेळी टॉकीजमध्ये कोणी हसलं नाही. पुतण्या मान खाली घालून बसला होता.

त्याचा बाप, माझा मोठा चुलतभाऊ. त्यानं फवारणीचं औषध घेतलं तेव्हा लाखातले तीस हजार हातात अन् सत्तर हजार ठेवीत भेटतात, हे त्याला ठाऊक तरी होतं काय? पैशाचा हिशेब मांडून कोणी मरत नाही बाप्पा. विरोध करणाऱ्यांचं एवढं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. आणि भेटले तरी कुठं? सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर होता. प्रकरण अपात्र.

रात्री घरी आलो. वहिनी ओसरीत तूर निवडत होती.

“भाऊजी, त्या सिनेमातल्या माणसाच्या घरी पैसे भेटले काय?”

“नाही,” म्हटलं. “आत्महत्या नाही, अपघातानं मेला म्हणून लिहिलं. तसा मेलाही नव्हता तो. शहरात मजुरीवर गेला.”

“जिता हाय ना मंग,” म्हणाली, अन् सूप पुढं ओढलं.