वर्गातला गुरुजी आणि घरातली गोष्ट

आपली पुष्कळ कुटुंबे मुंबई, पुणे, ठाणे सोडून परदेशी निघाली तेव्हा ट्रंकेत कपड्यांबरोबर दोन-चार मराठी पुस्तकेही आली. त्यांत 'श्यामची आई' बहुधा असेच. बर्मिंगहॅमच्या आमच्या घरी ती प्रत अजून आहे. परवा आम्ही ती नातवाला वाचून दाखवीत होतो. वाचावयाचे मराठीत आणि समजवावयाचे इंग्रजीत, असा आमचा क्रम. दोन प्रकरणे निमूटपणे ऐकून त्याने विचारले, "आजोबा, यात नेहमी आईचेच बरोबर का असते?"

उत्तर आम्हांला चटकन सुचले नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत हे पुस्तक लिहून काढले. गुरुजी म्हणजे जो प्रेमाने सांगतो आणि मुले ऐकतात, अशीच आमच्या पिढीची समजूत. आपल्या समाजातही रिबेका रूबेनबाई होत्या. सर एली कदूरी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, आणि शाळकरी मुलांसाठी त्यांनी इंग्रजी वाचनमाला लिहिली. ही थोर परंपरा आहे, ती आम्ही कमी लेखीत नाही. परंतु नातवाचा प्रश्न घेऊन आम्ही दुसऱ्या एका मास्तरांची पुस्तके पुन्हा उघडली. हे मास्तर पुण्याचे, पण त्यांचा वर्ग लंडनमध्ये भरत असे.

त्यांचे नाव फारुख धोंडी. जन्म 1944 चा, पुण्याच्या पारशी घरातला. वाडिया कॉलेजातून ते केंब्रिजला गेले, आणि पुढे दक्षिण लंडनच्या सरकारी शाळांतून इंग्रजी शिकवू लागले. त्यांच्या वर्गात वेस्ट इंडीजची, आशियातली आणि गोऱ्या कामगारांची मुले शेजारी शेजारी बसत. शाळेबाहेर ते काळ्या व आशियाई लोकांच्या हक्कांच्या चळवळीत होते. ईस्ट एंडमधील बंगाली कुटुंबांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून 1976 मध्ये जी खटपट झाली, तिच्यातही त्यांचा हात होता. त्याच वर्षी त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला, 'ईस्ट एंड अ‍ॅट युअर फीट'. 1978 मध्ये 'कम टू मक्का' हा संग्रह आणि 'द सीज ऑफ बॅबिलॉन' ही कादंबरी आली, 1980 मध्ये 'पूना कंपनी'.

या कथांचा विशेष कोणता? आमच्या मते एकच, की मास्तर स्वतः बोलत नाहीत. बोलतो तो विद्यार्थी. 'केबीडब्ल्यू' ही कथा पाहा. ही तीन अक्षरे म्हणजे 'ब्रिटन गोरे ठेवा' या घोषणेची आद्याक्षरे, त्या काळी भिंतीभिंतीवर खरडलेली. कथा सांगतो एक गोरा मुलगा. शेजारच्या बंगाली घरातला ताहिर त्याचा क्रिकेटमधला सोबती. रोगाची अफवा उठते, जमाव ताहिरच्या घरावर येतो, आणि हा मित्र काही करू शकत नाही. एखाद्या उपदेशक लेखकाने येथे मुलाला धावत बाहेर काढले असते आणि वाचकाकडून टाळी घेतली असती. धोंडी तसे करीत नाहीत. मुलाची शरम तशीच ठेवून ते कथा संपवितात.

दुसऱ्या संग्रहाच्या शीर्षककथेत शाहिद नावाचा तरुण कामगार आहे, आणि कामगारांच्या संपाला मदत करावयास आलेली एक गोरी मुलगी. तो तिला म्हणतो, "मक्केला चल." तिला वाटते धर्माचे काही आहे, त्याच्या मनात असते 'मक्का' नावाचे नाचघर! विनोद लहानसा, पण त्यात केवढा अर्थ आहे. आपल्या भल्यासाठी झटणारी माणसेसुद्धा आपल्याला आधी 'नमुना' समजतात आणि मग माणूस. "ज्यू आणि मराठी? ते कसे काय?" या प्रश्नाला आयुष्यभर उत्तरे दिलेल्या आपल्या मंडळींना ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या पुस्तकांत बर्मिंगहॅम नाही. तरी ती आम्हांला आमच्याच गल्लीतली वाटतात. शेजारच्या स्मेदिकमध्ये 1964 ची निवडणूक वर्णद्वेषाच्या जोरावर जिंकली गेली, आणि 20 एप्रिल 1968 रोजी इनॉक पॉवेल यांनी ते कुप्रसिद्ध भाषण केले ते याच शहराच्या एका हॉटेलात. त्या वर्षांत येथल्या शाळांतून शिकलेली आपली मुले आज स्वतः आजी-आजोबा होत आहेत. शाळेत काय ऐकावे लागले ते त्यांनी घरी सांगितले नाही, आणि आपणही विचारले नाही. शब्बाथच्या दिवा लावला, जेवणे झाली, आणि अभ्यास कसा चालला आहे एवढेच विचारले. धोंडी मास्तरांनी मात्र वर्गात बसून ते ऐकले. त्यांची खरी कमाई ती हीच.

आता उणे सांगितले पाहिजे. या कथांतली वडीलधारी माणसे बहुधा पाठमोरी दिसतात. बाप भितो, रागावतो, नाही तर कामावर गेलेला असतो. त्याच्या मनात शिरून पाहण्याची सवड लेखकाला क्वचितच होते. साने गुरुजींच्या पुस्तकात आईचा प्रकाश एवढा की मुलाला उलट विचारायला जागा उरत नाही. येथे मुलाचा आवाज एवढा की आईबाप मुके होतात. 'पूना कंपनी'त हे उणे काहीसे भरून निघते. सरबतवाला चौकातली, इराण्याच्या हॉटेलातली माणसे तेथे जिवंत होतात. लाल देवळाकडे ज्यांची पावले वळत त्या पुण्याच्या आपल्या वाचकांना तो कॅम्प लगेच ओळखू येईल. पण रास्ता पेठेतले मराठी घर त्यात शोधू नये. ते लेखकाचे घर नव्हते.

धोंडी यांनी पुढे नाटके आणि दूरदर्शनच्या मालिका लिहिल्या. 1984 ते 1997 ते चॅनेल फोरवर बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे संपादक होते. 'ट्रिप ट्रॅप' 1982 मध्ये आणि 'रन' 2002 मध्ये आले, तरी आमचे मत असे की किशोरांसाठी त्यांनी जे उत्तम लिहिले ते खडू हातात असतानाच लिहिले. कौशल्य पुढेही कमी झाले नाही. समोरचा वर्ग तेवढा गेला. मुलांसाठी लिहिणाऱ्याला रोज सकाळी त्याला खोडून काढणारे तीस चेहरे लागतात.

म्हणून आमची वाचकांना विनंती एवढीच, की ही पुस्तके वाचनालयातून मिळवावीत आणि घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावीत. त्यांत रांगडी भाषा आहे, तिला भिऊ नये. मुले तीच भाषा रोज ऐकतात. पण तेवढ्यावर थांबू नये. त्या गोष्टींत जो बाप पाठमोरा राहिला तो आपण आहोत. नवगावहून मुंबईस आणि मुंबईहून येथे का आलो, पहिल्या हिवाळ्यात कशाची भीती वाटली, कोठे चुकलो, हे कोणताही मास्तर आपल्या वतीने लिहिणार नाही.

नातवाला आम्ही उत्तर दिले ते असे, "आईचे नेहमीच बरोबर नसते. माझेही नव्हते." त्यावर त्याने पुस्तक मिटले आणि म्हटले, "मग ते सांगा." आम्ही सांगू लागलो आहोत.