गण, संघ आणि अथेन्स : एका आवडत्या दाव्याची चिकित्सा

नांदेड-लातूरकडील धम्मपरिषदांतून व संविधान दिनाच्या सभांतून एक विधान हमखास कानी पडते : लोकशाही ग्रीकांनी जगाला दिली हे खोटे, ती आमच्या गणराज्यांत आधीच नांदत होती. टाळ्या पडतात, वक्ता पुढील मुद्द्याकडे वळतो. ग्रीस ही लोकशाहीची जननी असे शाळेपासून ऐकत आलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हिणवल्या गेलेल्या समाजास हे उत्तर गोड वाटावे यात नवल नाही. आम्हांसही ते एके काळी गोड वाटत असे. परंतु 'आधी कोण' या वादात 'सभेत कोण' हा प्रश्न हरवतो, आणि आमच्या मते तोच मुख्य प्रश्न आहे.

अथेन्सपासून आरंभ करू. डोंगरांनी व समुद्राने विभागलेल्या ग्रीक भूमीवर शेकडो नगरराज्ये उदयास आली. त्या सर्वांत लोकशाही नव्हती. स्पार्टात तर एकाच वेळी दोन राजे असत. अथेन्सचा मार्ग वेगळा झाला तो कर्जाच्या प्रश्नावरून. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोनने कर्जापायी माणसास गुलाम करण्याची प्रथा बंद केली. इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये क्लेइस्थेनीसने जुन्या चार जमातींच्या जागी दहा नव्या जमाती रचल्या, त्या वस्त्यांच्या आधारे. आणि त्यांतून पाचशे सभासदांचे मंडळ उभे केले. माणसाची नागरिक म्हणून नोंद कुळाने नव्हे, तर वस्तीने व्हावी, हा त्यामागील हेतू. जातीच्या देशातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे.

तथापि ज्या दारातून जन्म बाहेर काढला त्याच दारातून तो परत आला. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या प्रस्तावावरून माता व पिता दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असा कायदा झाला. स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे परके सभेबाहेरच होते. त्याच सभेने इ.स.पू. ४२७ मध्ये बंडखोर मितिलीनी नगरातील सर्व प्रौढ पुरुषांस ठार मारण्याचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन तो फिरविला, आणि मागाहून धाडलेले जहाज कसेबसे वेळेवर पोहोचले. सॉक्रेटीसला इ.स.पू. ३९९ मध्ये मृत्युदंड झाला तोही नागरिकांच्या बहुमतानेच.

आता आमची गणराज्ये. काशीप्रसाद जयस्वाल यांचा 'हिंदू पॉलिटी' हा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. पौर्वात्य देशांस निरंकुश राजेशाहीखेरीज काही ठाऊक नाही, असे साम्राज्यवादी पंडित सांगत असताना त्यास दिलेले ते सडेतोड उत्तर होते. त्याचे ऐतिहासिक श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु जयस्वालांच्या उत्साहात गण हा आधुनिक प्रजासत्ताकाचा जुळा भाऊ होऊन बसला. पाली साहित्य निराळे चित्र दाखविते. जातककथा वैशालीत ७७०७ राजे असल्याचे सांगते. संख्या सांकेतिक असेल. पण ते सारे 'राजे' होते, प्रजा नव्हे. शाक्यांच्या गणाची कथा तर अधिक बोचरी आहे. पसेनदीस आपल्या कुळातील कन्या देण्याचे टाळून शाक्यांनी दासीपुत्री वासभखत्तिया दिली, आणि तिचा पुत्र विडूडभ कपिलवस्तूस आला असता तो बसलेले आसन दुधाने धुऊन काढले. ज्या सभागृहात हे घडले तेच शाक्यांचे संथागार, म्हणजे आमच्या वक्त्यांचे 'संसद भवन'.

मग बाबासाहेबांचे काय, असे कोणी विचारील. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला आणि ते नियम तथागतांनी तत्कालीन राजकीय सभांकडून घेतले असावेत असे म्हटले, हे खरे. परंतु तो दाखला गौरवासाठी नव्हता. ही व्यवस्था या देशाने एकदा गमावली, पुन्हा गमावील काय, या भीतीचा तो भाग होता. आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथात शाक्यसंघाची सभा कशी रंगविली आहे? रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्याचा ठराव सेनापती मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि प्रचंड बहुमताने पराभूत होतो. सैन्यात येण्यास नकार देताच कुटुंबावर सामाजिक बहिष्कार व जमीनजप्तीची धमकी मिळते. तेव्हा तो परिव्रज्या पत्करतो. पाली अट्ठकथांत हा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. बाबासाहेबांनी तो गृहत्यागाचे कारण म्हणून पुढे आणला. म्हणजेच ही त्यांची जाणीवपूर्वक निवड होय. गणाच्या बहुमताचे हत्यार म्हणून त्यांनी निवडलेला शब्द 'बहिष्कार' हा आहे. मराठवाड्याच्या खेड्यांत त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

राहिला आमच्या भूमीचा प्रश्न. सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेचे एकच, ते अस्सक. त्याची राजधानी पोतन म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडील बोधन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महागोविंद सुत्तात आणि जातकांत पोतनचा उल्लेख येतो तो राजांसह; गणाचा मागमूस नाही. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे लातूरजवळचे तेर, यांची नावे येतात, तीही बाजारपेठा म्हणून. गणराज्याचा वारसा सांगावयाचा तर तो गंगेच्या खोऱ्यातील आहे, गोदावरीकाठचा नव्हे.

सुत्तनिपातातील पारायणवग्ग मात्र आम्हांस वेगळे काही देतो. अस्सकाच्या प्रदेशात गोदावरीतीरी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य तथागतांस प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेस निघाले. त्यांच्या मार्गात पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी येतात. पुढे कपिलवस्तू, कुसिनारा, पावा, वैशाली ही गणांची नगरेही येतात. गाथा त्या नगरांतील सभांविषयी अक्षर बोलत नाही. शिष्य पुढे चालत राहतात आणि मगधातील पासाणक चैत्यापाशी पोहोचतात. तेथे प्रत्येकास आपला प्रश्न विचारण्याची मुभा आहे.

गोदावरीकाठी धम्माबरोबर आली ती संघाची कार्यपद्धती. विनयात ञत्ती म्हणजे प्रस्ताव मांडणे, तो तीनदा पुकारणे, गणपूर्तीची संख्या (सामान्यतः चार, काही कर्मांसाठी वीस), आजारी भिक्खूची संमती कळविणे आणि वाद न मिटल्यास शलाकांनी मत घेणे, हे सारे आहे. या सभेत उपाली न्हावी शाक्यकुमारांच्या आधी प्रवेश घेतो आणि कुमारांनी त्यास वंदन करावयाचे असते. अथेन्सला हे कधी साधले नाही, शाक्यांच्या गणालाही नाही. परंतु दोष लपवून भागणार नाही. दास व ऋणको यांस संघप्रवेश वर्ज्य होता. भिक्खुणीसंघावर आठ गरुधम्म लादलेले होते. आणि चुल्लवग्गात गुप्त शलाकापद्धतीविषयी असेही सांगितले आहे की, अधम्मवादी बहुसंख्य निघाले तर शलाकाग्राहकाने मोजणी चुकीची म्हणून पुन्हा घ्यावी. आधुनिक मतपेटीचा अभिमानी हे वाचून चपापेल. संघाच्या दृष्टीने संख्या हे सत्याचे प्रमाण नव्हते. पण सत्य कोणाचे, हे ठरविण्याचा अधिकार एका शलाकाग्राहकाच्या हाती देणे आम्हांस धोक्याचे वाटते, आणि तसे म्हणण्यात धम्माचा अवमान होतो असे आम्ही मानीत नाही.

हा केवळ ग्रंथांतील वाद नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. बहुमत होते, नियम पाळलेले होते. त्यानंतर या विभागात दलित वस्त्या जळाल्या; नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. सभागृहातील ठराव आणि गावाच्या वेशीवरील बहिष्कार यांमधील या साडेपंधरा वर्षांचा हिशेब 'लोकशाही आमचीच' या घोषणेत कोठे मांडावयाचा, हे वक्त्यांनी सांगावे.

येत्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात चुल्लवग्गातील समथक्खंधक, शलाकांच्या त्या अडचणीच्या परिच्छेदासह, मुळातून वाचावयाचे ठरले आहे. त्याच्या जोडीस मितिलीनीची हकीकत आणि बाबासाहेबांनी लिहिलेली शाक्यसभा ठेवू.