जोड आणि क्रम : चित्रपट-संकलकाच्या वाचनाविषयी

मराठीत ग्रंथाचे 'संपादन' होते आणि चित्रपटाचे 'संकलन'. इंग्रजीत दोहोंना एकच संज्ञा पुरते. आपल्याकडील हा भेद केवळ पारिभाषिक राहिलेला नाही; त्याने आपल्या समीक्षेचे एक दार बंद केले आहे. 'संकलन' या शब्दातून जमवाजमव सूचित होते. प्रत्यक्षात संकलकाच्या कामाचा मोठा भाग टाकून देण्याचा असतो. ग्रंथसंपादकाकडे आपण निर्णयशक्ती असलेला वाचक म्हणून पाहतो. चित्रपट-संकलकाला मात्र तंत्रज्ञांच्या यादीत बसवून मोकळे होतो. माध्यमांतराचा अभ्यास करणाऱ्या प्रबंधांतही हेच दिसते. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' (१९८३) ही तुलना आपल्या विद्यापीठांत आवडीने होते. मी वाचलेल्या अशा लेखनात रेणू सलुजा हे नाव एकदाही आढळले नाही. कथा पटकथेत आली आणि पटकथा पडद्यावर आली, अशी मांडणी तिथे असते. दरम्यान कोणीतरी ते सगळे चित्रण पुन्हापुन्हा पाहिले, त्यातले थोडे ठेवले, बरेचसे बाजूला सारले आणि उरलेल्याला क्रम दिला, या घटनेला त्या मांडणीत जागाच नसते.

संकलकाचा विचार हा मूलतः वाचनाचा एक प्रकार आहे, आणि त्या वाचनाचा निष्कर्ष फक्त क्रमातून व्यक्त होतो, असे मला म्हणावयाचे आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त केले ते याच जातीचे काम होय. वचन चक्रधरांचे, दृष्टान्तही चक्रधरांचा. परंतु एका प्रसंगीचे सूत्र दुसऱ्या प्रसंगीच्या दृष्टान्ताशेजारी ठेवले की त्या शेजारातून जो अर्थ उद्भवतो त्याचा कर्ता कोण? केसोबास तो प्रश्न टाळत नाहीत. सूत्र आणि दृष्टान्त यांच्या खाली ते स्वतःचे 'दार्ष्टान्तिक' लिहितात व आपण हा जोड का केला हे सांगतात. जोडणाऱ्याने आपली सही जोडाखाली केली, असे आपल्या गद्यातले हे आरंभीचे उदाहरण असावे.

चित्रपट-संकलकाला दार्ष्टान्तिकाची सोय नाही. त्याने स्वतःचे असे काही चित्रित केलेले नसते. दुसऱ्याने दुसऱ्या हेतूने घेतलेले तुकडे त्याच्यासमोर येतात. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने आपल्या कामाविषयी लिहिताना पहिल्या पाहण्याला फार महत्त्व दिले आहे. रशेस प्रथम पाहताना मनात उमटलेली प्रतिक्रिया तो टिपून ठेवतो, कारण तो प्रथमानुभव पुन्हा मिळणार नसतो. त्याचे दुसरे निरीक्षण साहित्याभ्यासकाला अधिक विचार करायला लावणारे आहे. फीत यंत्रावर मागेपुढे फिरवून पाहावी लागे, तेव्हा हवा असलेला तुकडा शोधता शोधता नको असलेले बरेच डोळ्यांखालून जाई आणि त्यातच कधी अनपेक्षित उत्तर सापडे. संगणकावर मागितलेला तुकडा तत्काळ मिळतो. पण मागितला तेवढाच मिळतो. शब्दसूचीवरून पोथी वाचणारे आणि पोथी सलग वाचणारे असे दोन प्रकारचे संशोधक आपणही पाहिले आहेत.

शेजाराने अर्थ बदलतो हे कुलेशोव्हच्या प्रयोगापासून सर्वश्रुत आहे. एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी निरनिराळी दृश्ये ठेवली, तर प्रेक्षक त्या चेहऱ्यात निरनिराळे भाव वाचतो. एम. ए.च्या वर्गात मी हे सांगत असता जिंतूरकडच्या एका विद्यार्थ्याने, ज्याचा भाऊ लग्नाच्या चित्रणाचे 'मिक्सिंग' करतो, सांगितले, "सर, अक्षता पडतानाचा शॉट जिथल्या तिथेच लागतो, पण रडणारी आई कुठेही लावता येते." ते वाक्य सहज बोललेले होते. तथापि काही चित्रण आपल्या काळाला बांधलेले असते आणि काही सुटे असते, व सुटे असते तिथेच संकलकाची सत्ता आणि त्याची जबाबदारी सुरू होते, हा सिद्धान्त त्यात पुरता आला आहे.

या जबाबदारीचा विचार करण्यासाठी आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटाइतके महत्त्वाचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहाजण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले आणि संकलन पटवर्धनांनी स्वतः केले. गोळीबाराच्या समर्थनार्थ पोलिसांचे म्हणणे असे की, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. म्हणजे वाद क्रमाचाच होता. आधी काय घडले, नंतर काय घडले, आणि त्या दोहोंत किती अंतर होते? एरवी कथनमीमांसेच्या पाठ्यपुस्तकात घटनाक्रम आणि कथनक्रम यांतील भेद आपण शिकवतो तेव्हा तो निरुपद्रवी वाटतो. इथे त्या भेदावर माणसांच्या मरणाचा न्याय अवलंबून होता.

अशा चित्रपटाच्या संकलकाला कालक्रम मोडण्याची मुभा कितपत आहे? पटवर्धन तो एका ठिकाणी मोडतात आणि तेच या चित्रपटाचे मर्मस्थान आहे. घोगरे त्यांच्या १९८५ च्या 'बॉम्बे अवर सिटी'मध्ये गाताना दिसले होते. तेच चित्रण इथे पुन्हा येते. चौकट तीच, आवाजही तोच. १९८५ साली ते झोपडपट्टी पाडण्याच्या विरोधातील एका कलावंताचे गाणे होते. आता पाहणाऱ्याला त्या माणसाचा शेवट ठाऊक आहे. कुलेशोव्हच्या प्रयोगात अर्थ शेजाराने बदलतो. इथे तो बदलण्यास शेजाराइतकीच मधली वर्षे कारण झाली आहेत. संकलकाने गाण्याचा उपयोग सजावटीसाठी केलेला नाही. आपणच पूर्वी केलेले वाचन अपुरे होते, हे त्याने ते चित्रण पुन्हा मांडून मान्य केले आहे, असे मी समजतो. 'लीळाचरित्रा'साठी म्हाइंभट प्रत्यक्षदर्शींकडे जाऊन आठवणी मिळवीत होते, तेव्हा चक्रधर त्यांच्यातून निघून गेलेले होते. साधे बोलणे 'लीळा' होते ते बोलणारा नसताना.

तरी हा चित्रपट सर्वत्र एवढा संयमी नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर येणाऱ्या गर्दीच्या अस्वच्छतेविषयी तक्रार करणारे सुखवस्तू रहिवासी आणि शहराचा कचरा उपसणारे कामगार हा विरोध प्रेक्षकाला इतका तत्काळ कळतो की, त्याला विचार करायला काही उरत नाही. ही दोन्ही चित्रणे खरी आहेत, त्यांतील विषमताही खरी आहे. पण त्या जोडामागे संकलकाचे दार्ष्टान्तिक उघड ऐकू येते, आणि केसोबासांप्रमाणे ते वेगळ्या ओळीत लिहिलेले नसल्यामुळे प्रेक्षक त्याच्याशी वाद घालू शकत नाही. घोगरे यांच्या गाण्याजवळ असे होत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाचे संकलक रिखव देसाई. तिथे पद्धत उलटी आहे. कॅमेरा दूर व बहुधा स्थिर असतो. बोलणे संपल्यावरही चौकट थांबून राहते. अशा चित्रपटात संकलकाला फारसे काम नसावे, असा समज होतो. वस्तुतः न कापण्याचा प्रत्येक क्षण हाही निर्णयच असतो. या थांबण्याचा कथानकाशी असलेला संबंध समीक्षेत पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. आधी गाणे, नंतर मृत्यू : फिर्यादी पक्षाने दोन तुकडे शेजारी ठेवले आणि मधे कार्यकारणभाव असल्याचे गृहीत धरले. हे संकलनच आहे, आणि खोटे आहे. ज्या खटल्याचा आधारच असा चुकीचा जोड आहे, त्या खटल्याची गोष्ट सांगणारा चित्रपट स्वतः जोड करायला कचरतो, दृश्य तोडण्याऐवजी पाहत राहतो. शेवटी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा पडतो. चित्रपट संपला असे वाटते. त्या अंधारानंतर न्यायाधीशांच्या सहलीची दृश्ये येतात. इतका वेळ राखून ठेवलेला जोड देसाई इथे खर्च करतात.

अशा निर्णयांचा अभ्यास करण्यात एक मोठी अडचण आहे. ग्रंथसंपादकाने नाकारलेला पाठ तळटीपेत राहतो. महानुभाव पोथ्यांतील पाठभेदांवर तर आपल्या पिढ्या पोसल्या आहेत. संकलकाने नाकारलेले चित्रण बहुधा नाहीसे होते, आणि संग्रहालयात पोचतो तो पुरा झालेला चित्रपट. 'अर्धसत्य'मधील अनंत वेलणकर दिलीप चित्र्यांची कविता वाचतो तो प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवतो. जिथे जिथे चौकट बदलते तिथे वहीत रेघ ओढायची, मग आवाज लावून पुन्हा पाहायचे आणि प्रत्येक रेघ कवितेच्या कोणत्या शब्दापाशी पडली ते लिहायचे. दोन तास जातात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने वहीच्या समासात विचारले होते : या रेघांपैकी तेंडुलकरांच्या पटकथेत किती आहेत? मी तिला पटकथा मिळवून वाचायला सांगितले आहे.