शिक्षकाची उमेदवारी : ‘बनगरवाडी’, शिक्षणसेवक आणि केडगाव

शिक्षक कसा घडतो, ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या वाङ्मयाने दिले आहे आणि दुसरे शासनव्यवहाराने. वरवर पाहता ही उत्तरे परस्परांपासून फार दूरची वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे आणि ते सदोष आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. विवेचनासाठी शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन लगतचे तालुके डोळ्यांसमोर ठेवले आहेत. कारण ह्या गृहीताला छेद देणारा एक जुना प्रयोग त्याच परिसरात घडलेला आहे.

प्रथम वाङ्मयाचा विचार करू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर नेमला जातो. शाळा बंद पडलेली आहे, मुले मेंढरांमागे आहेत. कारभाऱ्याचा विश्वास संपादन केल्यावाचून शाळा भरत नाही. पुढे मास्तर वाडीच्या अडीअडचणींत पडतो, लोकांना जमवून तालीम उभी करतो आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडलेली वाडी पाहतो. माणसे आणि माळरान ह्यांच्या चित्रणातील ह्या कादंबरीचे यश निर्विवाद आहे. परंतु हा मास्तर शिकवावयास कोठे शिकला, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे मिळत नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलापुढे त्याने पहिला धडा कसा मांडला, कोणता पाठ फसला, तो कोणी दुरुस्त केला, ह्याविषयी कादंबरी फार थोडे बोलते. हा कादंबरीचा दोष नव्हे. तिचा विषय वाडी आहे, वर्ग नव्हे. दोष आहे तो ह्या मास्तरात आदर्श शिक्षक पाहणाऱ्या वाचकांचा. चांगले मन आणि कष्टाची तयारी असली की शिक्षक आपोआप सिद्ध होतो, असे अनुमान त्यांनी कादंबरीवर लादले.

हेच अनुमान शासनव्यवहारात उतरलेले दिसते. महाराष्ट्रात 2000 साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेनुसार नवा शिक्षक पहिली तीन वर्षे नियमित वेतनश्रेणीत नसतो. त्याला मानधन मिळते. हे मानधन दीर्घकाळ प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे 6,000, 8,000 व 9,000 रुपये होते. 2023 पासून ते 16,000, 18,000 व 20,000 रुपये झाले. ह्या योजनेतील शब्दयोजना चिंतनीय आहे. ‘सेवक’ म्हटले की त्याग गृहीत धरता येतो आणि ‘मानधन’ म्हटले की वेतनाचा हिशेब टाळता येतो. तथापि रकमेहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. ह्या तीन वर्षांत सेवकाने कोणाकडून काय शिकावे, हे योजना ठरवीत नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग त्याच्याकडे असतो. म्हणजे ही परीक्षाधीन नोकरी झाली, उमेदवारी नव्हे.

उमेदवारी ही कल्पना आपल्याला परकी नाही. सुतार, शिंपी किंवा वकील होऊ पाहणारा मनुष्य कोणाच्या तरी हाताखाली राहतो. ‘हाताखाली’ हा शब्द येथे निर्णायक होय. शिकणाऱ्याजवळ एक जाणता हात सतत काम करीत असतो. शिकणारा तो पाहतो, थोडे स्वतः करतो, चुकतो आणि तेथल्या तेथे सुधारतो. अमेरिकेत शिकागो येथे 2001 साली आणि बॉस्टन येथे 2003 साली शहरी शाळांसाठी सुरू झालेल्या निवासी शिक्षक-प्रशिक्षणाचे तत्त्व हेच आहे. येथे ‘निवास’ म्हणजे वसतिगृह नव्हे, तर वर्गातला दीर्घ वास. उमेदवार संपूर्ण शालेय वर्ष एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काढतो, जोडीने अभ्यासक्रम पुरा करतो आणि ह्या काळात त्याला निर्वाहवेतन मिळते. ह्याउलट आपल्याकडे 2014 च्या नियमांनी दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आहे. परंतु तो विद्यार्थी शुल्क भरून घेतो. मुंबई व पुणे येथे 2009 साली सुरू झालेल्या ‘टीच फॉर इंडिया’च्या दोन वर्षांच्या उपक्रमात मोबदला आहे, शहरी शाळा आहे, पण काही आठवड्यांच्या तयारीनंतर उमेदवार स्वतःच्या वर्गासमोर उभा राहतो. एकीकडे पैसा नाही, दुसरीकडे शेजारचा जाणता शिक्षक नाही.

आता दौंड तालुक्यातील केडगावकडे वळू. पंडिता रमाबाईंनी 1886 ते 1888 ह्या काळातील अमेरिकेच्या वास्तव्यात बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुली मोठ्या संख्येने केडगावी आल्या, तेव्हा सदनात शिकलेल्या मुलींनी त्यांना शिकविण्याचे काम उचलले. जी स्वतः कालपर्यंत शिकत होती, ती जाणत्यांच्या देखरेखीखाली शिकवू लागली. अन्न, वस्त्र व निवारा ह्यांची चिंता तिला नव्हती. ह्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या मुलींपुढे अन्य मार्ग फारसे नव्हते आणि आश्रित व्यक्तीची उमेदवारी ही स्वतंत्र व्यक्तीची उमेदवारी नव्हे. तरीही शिकविणे ही शिकण्याची कला आहे, हे तेथे व्यवहारात मान्य झाले होते.

आज हाच विचार शिरूर-दौंड परिसरात अमलात आणावयाचा तर एक रचनात्मक अडचण आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. वाडीवरच्या अशा शाळेत जुना शिक्षक स्वतःच अनेक इयत्ता सांभाळीत असतो. नवागताचा पाठ पाहण्यास त्याला उसंत कोठून मिळणार? शिरूर व दौंड शहरांतील अनेक तुकड्यांच्या शाळांत मात्र हे शक्य आहे. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे आणि दौंडच्या रेल्वे जंक्शनमुळे आलेल्या कुटुंबांची, घरी वेगळी भाषा बोलणारी मुले उमेदवाराला अशाच शाळांत भेटतील. म्हणून पहिले वर्ष शहरातील शाळेत अनुभवी शिक्षकाच्या वर्गात आणि त्यानंतर वाडीवरील नेमणूक, असा क्रम ग्राह्य वाटतो. मात्र दोन अटी पाळल्या पाहिजेत : उमेदवाराला रिक्त जागेवर बसवू नये, आणि मार्गदर्शक शिक्षकाचा कार्यभार कमी करावा. त्या न पाळल्यास उमेदवारी ही स्वस्त मजुरीचेच नवे नाव ठरेल.

जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला किमान 12 रुपये वेतन मिळावे, अशी मागणी केली होती. प्रशिक्षण आणि पोट ह्यांचा विचार त्यांनी एकत्र केला. पुढील काळात आपण ह्या दोन गोष्टींची फारकत केली आणि मधली पोकळी त्यागाच्या गौरवाने भरली. तिची किंमत मास्तर आणि मुले दोघेही देत आहेत. आणि त्यांतील मुलांना तर ती वर्षे परत मिळत नाहीत.