तापती नळी आणि वाद्याचा बाक

देवळातील भजन-कीर्तनाविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. गायकाचा गळा, बुवांचे निरूपण, पखवाजाची थाप यांचा साक्षेपाने परामर्श घेतला जातो. वाद्याचा उल्लेख मात्र ‘साथीला अमुक होते’ एवढ्यावर आटोपतो. ते वाद्य कशाने घडविले आणि उद्या मोडले तर कोण दुरुस्त करील, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले जातात. हा संकेत बाजूस ठेवून येथे एका हत्याराची समीक्षा करावयाची आहे. लाकडाची पट्टी वाकविण्यासाठी तापविलेली धातूची नळी हे ते हत्यार. आणि तेही बाजारातून विकत न आणता कारागिराने घरी तयार केलेले.

वाद्याच्या पोटाला गोलाई कोठून येते, हे प्रथम पाहू. आपल्या परंपरेत ती बहुधा निसर्गाकडून आयती घेतली जाते. मिरजेचे तंबोरे आणि सतारी यांचे उदाहरण घ्यावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. पण या वाद्याची गोलाई मिरजेत घडत नाही, ती पंढरपूरच्या परिसरातील शेतांत वेलीवर पिकते. कारागीर वाळलेला भोपळा निवडतो, कापतो आणि त्यावर लाकडी तबली व दांडी चढवितो. वारकऱ्याच्या खांद्यावरील वीणाही याच कुळातली. सारंगी आणि पखवाज यांची पोटे अखंड ओंडक्यातून कोरून काढतात. गोव्याचे घुमट, ज्याला तेथील शासनाने २०१९ साली वारसावाद्याचा मान दिला, कुंभाराच्या चाकावर जन्मते. पेटी तर सरळ फळ्यांची जोडणी. पिकविणे, कोरणे, मळणे, जोडणे अशा या चार रीती झाल्या. सरळ, पातळ पट्टीला वाकवून पोट घडविण्याची पाचवी रीत आपल्याकडे आली ती मुख्यतः व्हायोलिन, मँडोलिन आणि गिटार यांच्याबरोबर.

व्हायोलिनला आता परके म्हणण्याचे कारण उरलेले नाही. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितांच्या काळापासून ते कर्नाटक संगीताचे अंग बनले आहे. मराठी मुलखात गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी त्याला ख्यालाची भाषा शिकविली, तर पेडण्याकडच्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर यांनी त्याच्या तारांतून गळ्याची आर्तता काढली. वाजविण्याची विद्या आपण आत्मसात केली. घडविण्याच्या विद्येकडे तितक्या आस्थेने पाहिले नाही. हा उणेपणा मोजावयाचा तर त्या नळीपाशीच यावे लागते.

या संदर्भात सुरतेचे स्मरण होते. सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. परंतु सुरत हे लाकूड जाणणाऱ्यांचेही शहर होते. लाकडावर हस्तिदंत, शिंग व धातू यांच्या बारीक तुकड्यांची नक्षी बसविण्याची ‘सादेली’ कला तेथलीच. तापीच्या काठी जहाजे बांधली जात. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ सालचे ‘त्रिंकोमली’ इंग्लंडात आजही तरंगत आहे. या जहाजबांधणीत वाद्यांच्या वरील दोन वाटा एकत्र आलेल्या दिसतात. जहाजाच्या बरगड्यांसाठी सुतार जंगलातून मुळातच वाकडे वाढलेले खोड शोधून आणीत असे. तेथे बाक निसर्गाचा. बाहेरची लांब फळी मात्र सरळच असे. ती उष्णतेने नरम करून बरगड्यांवर वळवावी लागे, आणि तेथे बाक माणसाचा. भोपळ्याचा तंबोरा पहिल्या वाटेने जातो, व्हायोलिन दुसऱ्या. तेव्हा उष्णतेने लाकूड वाकविणे ही केवळ क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हरीची मिरास नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील सुतारालाही ते तत्त्व परके नव्हते. आपल्याकडे ते गोदीत राहिले, वाद्यशाळेत आले नाही, एवढेच.

तत्त्व असे आहे. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उष्णतेने मऊ पडते आणि थंड झाले की पुन्हा घट्ट होते. व्हायोलिनच्या कडेची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि सुमारे तीस मिलिमीटर रुंद असते. ती किंचित ओली करून दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअस तापलेल्या नळीवर टेकविली म्हणजे काही क्षणांत तिचा ताठा जातो आणि ती हाताच्या दाबाबरोबर वळू लागते. आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते; म्हणून बाहेरून पातळ पत्र्याची पट्टी धरून आधार द्यावा लागतो. निष्णात हाताला लाकूड ‘सोडते’ तो क्षण बोटांत कळतो. तो क्षण येण्यापूर्वी जोर लावला तर पट्टी तडकते. फार उशीर झाला तर ती करपते.

आता घरच्या नळीविषयी. तिची रचना अगदी साधी: एक लोखंडी, तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची नळी शिकंजात आडवी पकडावयाची आणि आतून गॅसच्या ज्योतीने अथवा विजेच्या हीटरने तापवावयाची. हे पाहून काही जण तिला ‘जुगाड’ म्हणून हसतात, तर काही जण ‘किती स्वस्तात काम झाले’ म्हणून तिची वाखाणणी करतात. दोघेही तिला किमतीने मोजतात, म्हणून दोघांचाही निवाडा मला अपुरा वाटतो. हत्याराची कसोटी त्याच्या हाताखालून निघणाऱ्या वस्तूत असते. त्या कसोटीवर बहुतेक घरगुती नळ्यांत तीन दोष आढळतात.

पहिला दोष आकाराचा. हाताशी मिळणारी नळी गोल असते, दोन-तीन इंच व्यासाची. गिटारच्या कमरेला तेवढी गोलाई पुरते. पण व्हायोलिनच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना जो आत गेलेला बाक असतो, त्याच्या कोपऱ्यांशी वळण इतके निकट असते की अशी गोल नळी तेथे निरुपयोगी ठरते. जो कारागीर नळीचा काप शिकंजात दाबून लंबगोल करतो, म्हणजे एका कडेला मंद आणि दुसऱ्या कडेला तीव्र वळण देतो, त्याने वाद्य समजून घेऊन हत्यार केले असे म्हणावे.

दुसरा दोष उष्णतेच्या चंचलतेचा. नळीचा पत्रा पातळ असेल तर ओली पट्टी टेकताच ती थंडावते, आणि कारागीर उष्णतेची उणीव मनगटाच्या जोराने भरून काढू पाहतो. तडा जातो तो तेथेच. जाड पत्र्याची नळी उशिरा तापते, पण ताप धरून ठेवते. पाण्याचा थेंब टाकताच तो चटकन उसळून नाचला तर नळी कामायोग्य. नुसता पसरून हळूहळू आटला तर अद्याप अवकाश आहे. लाकूड भिजविण्यातही संयम हवा. लहरी नक्षीचे मेपल फार भिजले तर वळताना त्यावर सुरकुत्या उठतात.

तिसरा दोष बेफिकिरीचा, आणि तो अक्षम्य आहे. जस्ताचा मुलामा दिलेली नळी तापविली तर विषारी धूर निघतो; तशी नळी वापरूच नये. विजेचा हीटर असेल तर धातूच्या नळीला अर्थिंग हवेच, कारण तिच्यावर ओले हात आणि ओले लाकूड वारंवार येणार. ज्योत वापरणाऱ्याने नळीचे दुसरे तोंड बंद करू नये.

हे दोष टाळून केलेली घरची नळी विकतच्या हत्याराच्या तोडीस उतरते. आणि एका बाबतीत ती वरचढही ठरते: ज्याने ती केली त्याला तिचा प्रत्येक गुणधर्म ठाऊक असतो. कोणत्या टोकाला ताप अधिक, कोणत्या कडेवर कोणते वळण, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. येथे हत्यार करणे हा वाद्य करण्याच्या शिक्षणाचाच पहिला पाठ होतो.

या साऱ्याचा देवळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. अनेक भजनी मंडळांकडे आणि संगीतशाळांकडे एखादे जुने व्हायोलिन किंवा मँडोलिन असते. कोणा भाविकाने दिलेले, कोणा गुरुजींच्या हातचे. त्याची कडेची पट्टी फुटली की ते पेटीत जाते आणि बहुधा पुन्हा बाहेर येत नाही. दांडी बसवणारा सापडतो, तारा चढवणाराही सापडतो. पट्टी वाकविणारा सापडत नाही. मग नवे स्वस्त वाद्य आणले जाते, आणि ज्या आवाजाला चार पिढ्यांचे कान सरावलेले असतात तो हरवतो. एका हातभर नळीअभावी हा तोटा होतो.

सुरतेसारख्या शहरात तर याला काहीच सबब नाही. तेथे मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. सुतार, लोहार, वायरमन हाकेच्या अंतरावर आहेत आणि यंत्रमागांच्या त्या नगरीत धातूच्या नळीला तोटा नाही. डांगच्या सागवानाची जवळीक आणि जहाजबांधणीचा वारसा या जमेच्या बाजू निराळ्याच. उणीव आहे ती या कामाला संगीतसेवा मानण्याची. मंडळाने पेटीवाल्याला, पखवाजियाला जे स्थान दिले आहे ते पट्टी वाकविणाऱ्या हातालाही द्यावे. एखाद्या होतकरू सुताराला फुटके वाद्य सोपवून शिकण्याची संधी द्यावी, आणि त्याची पहिली पट्टी तडकली तर दुसरीचे लाकूड आणून द्यावे.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. ती पूजा योग्यच आहे. पण पूजेत पारखही असावी. पाटावर पटाशी आणि रंधा मांडताना शेजारी ती काळवंडलेली नळी ठेवावी, आणि तिने वर्षभरात किती मुकी वाद्ये बोलती केली हे घरच्या मुलांना सांगावे.