चार प्रश्न विचारले, पुढे कोण?

आत्महत्येचा धोका ओळखणारी 'एएसक्यू' ही चार प्रश्नांची चाचणी. 2012च्या मूळ अभ्यासात अमेरिकेतल्या तीन बाल-आपत्कालीन विभागांतले 10 ते 21 वयाचे 524 रुग्ण. संवेदनशीलता 96.9 टक्के, विशिष्टता 87.6. आकडे भारी! पण थांबा, त्यातले 180 मानसिक तक्रार घेऊनच आले होते.

आता हीच चाचणी सातारा-सांगलीच्या बालरोग ओपीडीत लावा. समजा, 1000 मुलांत 20 जणांना खरा धोका. मूळ आकडे तसेच टिकले तरी 19 सापडतील, सोबत सुमारे 120 विनाकारण. या 140 जणांशी, पालकांना बाहेर बसवून, निवांत बोलणार कोण? टेली-मानसचा 14416 हा नंबर आधाराला आहे, पण समोरच्या माणसाची जागा तो घेत नाही. प्रपोजलमध्ये चाचणीआधी त्या माणसाची तरतूद लिहा.