पायातली माणसे

पुण्यातले काही तरुण रविवारी सकाळी लोकांना जुने वाडे दाखवत हिंडतात. मोडकळीस आलेल्या वास्तूंच्या नोंदी करतात, पाडापाडी थांबावी म्हणून अर्ज करतात. पदरमोड करून चाललेल्या या कामाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. मीही त्यांच्याबरोबर विश्रामबागवाड्यापर्यंत चाललो. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचे कोरीव लाकूडकाम त्यांनी मोठ्या आस्थेने दाखवले. १८२१ साली इथे संस्कृत पाठशाळा निघाली, हेही सांगितले. ती ब्राह्मणांच्या मुलांसाठी होती, हे मात्र मला विचारून वदवून घ्यावे लागले.

तिथून चालत दहा मिनिटांवर, बुधवार पेठेत, भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा तिथे काढली. स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यांत अडकली आणि वास्तू खचत गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबरात महापालिकेने वाडा पाडला. स्मारकासाठी जागा मिळाली, पण मुलींनी मुळाक्षरे गिरवली त्या भिंती गेल्या.

प्रश्न असा की, वास्तू ऐतिहासिक ठरते ती कशाने? खांबांवरच्या नक्षीने, की तिथे मोडलेल्या रूढीने? नक्षी हीच कसोटी मानली, तर ज्यांच्याकडे नक्षी करवून घेण्याची ऐपत होती त्यांचाच इतिहास टिकणार. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांचे वाडे नव्हतेच. मग त्यांचा वारसा कुठे शोधायचा?

त्याचे उत्तर मुक्ता साळवेने १८५५ सालीच देऊन ठेवले आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांगाच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांगमहारांना पुरत असत, असे ती त्यात लिहिते. म्हणजे आमचा वारसा पायात आहे, आणि दाखवणारे वर तुळया दाखवत आहेत!

दोष त्यांचा एकट्यांचा नाही. तीन जानेवारीला हार घालून आपण घरी गेलो. भिंतींचे मोजमाप घ्यायला आपल्यातले किती गेले? त्यांच्याकडून चिकाटी आपण शिकावी. त्यांनी एवढेच करावे: पुढच्या रविवारी वाड्याच्या दाराशी मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचावा, आणि मग आत जावे.